विकरूडच्या खुर्चीची बोटं

नॉर्वेहून आलेल्या लोकांनी वसवलेल्या विकरूड गावात पाहण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे एक खुर्ची. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर तिचं चित्र आहे, बेकरीत तिच्या आकाराची बिस्किटं मिळतात, आणि शाळेच्या हॉकी संघाचं नावच मुळी 'आर्मचेअर्स' आहे. शेजारच्या एल्मडेलच्या संघाचं नाव 'लांडगे'. त्यामुळे आपल्या पोरांना दर हिवाळ्यात काय काय ऐकून घ्यावं लागतं ते विचारू नका. आपला एखादा पोरगा बर्फावर आपटला की एल्मडेलवाले एका सुरात 'बसा, बसा' करतात. तरी नाव बदलायची गोष्ट आजवर कोणी काढलेली नाही.

ही सगळी ख्याती एका फोटोमुळे. गाव नुकतं वसलं होतं तेव्हा एक फिरता फोटोवाला आला आणि त्याने तान्ह्या अँडर्स स्लेटनचा फोटो काढला. पुढे याच अँडर्सने गव्हाचं कोठार बांधलं, शाळा उभारली, चर्चला घंटा दिली, आणि गावातल्या निम्म्या लोकांना नोकऱ्या व उरलेल्या निम्म्यांना सल्ले दिले. फोटोत मात्र तो पांढऱ्या झबल्यात, डोळे वटारून, फुलाफुलांच्या पडद्याने झाकलेल्या एका भल्यामोठ्या खुर्चीवर बसलाय. पडदा पार जमिनीपर्यंत आलेला, आणि खुर्चीच्या पाठीवर मधोमध एक वाटोळा उंचवटा. नॉर्वेहून आणलेलं जुन्या घडणीचं सामान असंच असायचं, असं शाळेच्या सहलींना सांगितलं जातं.

अँडर्सच्या घरातून मिळालेली एकुलती एक खुर्ची आता गावाच्या संग्रहालयात दोरीच्या आत ठेवलीय, फोटोतल्यासारखाच पडदा पांघरून. तिला मुळात उंचवटा नव्हता, म्हणून पाठीवर एक गोल उशी बांधलीय. एका वर्षी ती उशी उंदरांनी फस्त केली, तेव्हा ऐन उत्सवात तिच्या जागी कोबीचा गड्डा बसवावा लागला. त्या वर्षी पाहुण्यांनी उंचवट्याचं विशेष कौतुक केलं.

तो कोबी बसवणाऱ्या बाई म्हणजे बोरघिल्ड स्लेटन. अँडर्सची नात, वय चौऱ्याहत्तर, संग्रहालयाच्या अध्यक्ष, चिटणीस आणि झाडूवाल्या. त्यांनी लग्न केलं नाही. विचारायला आलेले दोन्ही गृहस्थ खुर्चीबद्दल पुरेशा आदराने बोलले नाहीत, असं म्हणतात. संग्रहालयाची किल्ली त्या गळ्यात घालत, दर वसंतात पडदा हाताने धूत आणि रोज सकाळी उशी थोपटून गोल करत. त्यांना चिंता एकच होती. गावाच्या सभेत अधूनमधून कोणीतरी सुचवायचं, की संग्रहालयाची ती जुनी बँकेची इमारत बर्फ हटवायची यंत्रं ठेवायला फार सोयीची आहे. खुर्ची आहे तोवर ही सूचना बारगळत राहणार, आणि खुर्ची नसेल तर आपण जायचं कुठे, हे बोरघिल्डबाईंना कळत नव्हतं.

गावाला सव्वाशे वर्षं पूर्ण व्हायची होती, आणि शाळेतले चित्रकलेचे मास्तर मिस्टर टिबेट्स एक कल्पना घेऊन आले. संग्रहालयातल्या जुन्या फोटोंमधली माणसं वर्गातल्या मुलांना वाटून द्यायची, ज्याने त्याने आपल्या वाटच्या माणसाचं मोठं चित्र रंगवायचं, आणि उत्सवाच्या दिवशी ती सगळी संग्रहालयात लावायची. टिबेट्स मास्तर ओहायोचे. त्यांना इथे येऊन दोनच हिवाळे झाले होते, त्यामुळे मनात येईल ते बोलून टाकायची त्यांची सवय अजून गेली नव्हती. पण कल्पना बोरघिल्डबाईंना आवडली. चित्रं लागली म्हणजे लोक येणार, आणि लोक आले म्हणजे यंत्रांचा विषय आणखी दहा वर्षं निघायचा नाही. त्यांनी फोटोंच्या प्रती स्वतः नेऊन दिल्या आणि महिन्याभराने कामाची प्रगती बघायला वर्गात गेल्या.

प्रगती भयानक होती. जुन्या न्हाव्याच्या मिशा एका मुलाला इतक्या आवडल्या होत्या की त्याने कागद संपेपर्यंत त्या वाढवल्या होत्या आणि न्हाव्याला जागाच उरली नव्हती. एका मुलीने चर्चच्या गायकांना रंगवताना सगळ्यांना एकच नाक दिलं होतं, तेही तिच्या भावाचं. पहिल्या पाद्रीबाबांच्या चित्रात त्यांच्यामागची गाय फारच सुरेख उतरली होती आणि पाद्रीबाबा तिचे कोणी नातेवाईक वाटत होते. बोरघिल्डबाई प्रत्येक चित्रापुढे थांबून 'छान, भरपूर रंग वापरलेत' असं म्हणत पुढे सरकल्या. आपल्याकडे तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. ओव्हनमधली बटाट्या-मांसाची हॉटडिश करपली तरी 'गरम आहे हो' म्हणायचं. अगदीच सहन होईना तर 'वेगळं आहे' म्हणायचं. 'वेगळं आहे' याच्यापुढे आपल्याकडे शिवी नाही.

खिडकीजवळ किआरा लिंडविग बसली होती. हिच्या वाट्याला अँडर्सचा फोटो आला होता. किआरा सोळा वर्षांची, गावात कशाहीसाठी प्रसिद्ध नसलेली मुलगी. हॉकीत राखीव, गाण्यात मागच्या ओळीत. तिला कल्पनेने काही म्हणून काढता येत नसे. म्हणून तिने फोटोवर चौकोन आखले होते आणि एकेका चौकोनात दिसेल तेच, मुंगीच्या चिकाटीने, मोठ्या कागदावर उतरवलं होतं. बाळ झकास आलं होतं. बोरघिल्डबाईंच्या तोंडून 'अगदी आजोबा' असे शब्द निघणारच होते, तेवढ्यात त्यांची नजर बाळाच्या पोटाकडे गेली. पडद्याच्या कडेखालून चार बोटं बाहेर आली होती आणि त्यांनी बाळाला घट्ट धरून ठेवलं होतं.

चित्रात खुर्ची नव्हतीच. होती ती पडदा पांघरलेली एक बाई. गुडघे, खांदे, डोकं, सगळं जिथल्या तिथे.

"हे काय आहे?" बोरघिल्डबाईंनी विचारलं.

"मला वाटलं तुम्हालाच माहीत असेल," किआरा म्हणाली. "मी खुर्ची काढायला बसले होते, स्लेटनबाई. चार वेळा खोडली. दर वेळी बाईच येते."

"मग पाचव्यांदा खोड. ती बोटं नाहीत, पडद्याची झालर आहे."

"झालरीला नखं आहेत."

टिबेट्स मास्तर धावत आले. त्यांना वाटलं, बाई खूश झाल्यात. त्यांनी उत्साहाने सांगितलं, की त्या काळी एक फोटो निघायला बराच वेळ लागे आणि तोवर हललं की तोंड धूसर यायचं. मोठी माणसं श्वास रोखून बसत; तान्ह्याला कोण सांगणार? मग फोटोवाले आईलाच खुर्चीवर बसवत, तिच्यावर घरातला पडदा नाहीतर सतरंजी टाकत आणि बाळ तिच्या मांडीवर देत. आईच्या मांडीवर बाळ गप्प राही, आणि फोटोत आई येत नसे. असे फोटो जगभर सापडतात म्हणाले. आपल्या गावात एक आहे याचा त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी बोरघिल्डबाईंचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

 टाकीवरचं चित्र, बेकरीतली बिस्किटं, हॉकीचा संघ, सगळं बोरघिल्डबाईंच्या डोळ्यांपुढून सरकलं. एल्मडेलवाल्यांना हे कळलं तर ते काय ओरडतील, हा विचार तर त्यांनी अर्ध्यातच सोडून दिला.

"वेगळं आहे," त्या म्हणाल्या, आणि छत्री विसरून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संग्रहालयाचं दार आतून लावून घेतलं आणि फोटो भिंतीवरून काढून भिंगाखाली धरला. झालरीला नखं होती. अंगठाही होता, जरा आत. त्यांनी फोटो तिरका धरला, उलटा धरला, चष्मा काढून पाहिला. मग दोरीच्या आत जाऊन खऱ्या खुर्चीवरची उशी थोपटायला घेतली, आणि आपण इतकी वर्षं रोज सकाळी कोणाचं डोकं थोपटत होतो हे लक्षात येऊन हात मागे घेतला. त्या मनापासून चिडल्या होत्या. किआरावर, टिबेट्सवर, फोटोवाल्यावर. कोणावर जास्त, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

चित्र नाकारणं शक्य नव्हतं. शाळेने सगळी चित्रं लावणार म्हणून पालकांना कळवलं होतं, आणि किआराची आई चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसायची. बोरघिल्डबाईंनी बराच विचार करून तोडगा काढला. न्हाव्याच्या मिशा दर्शनी भिंतीवर, गाय नि पाद्रीबाबा दाराशी, आणि अँडर्सचं चित्र पार मागे, अंधाऱ्या बोळकांडीत, शौचालयाच्या दाराशेजारी. तिथे कोण चित्रं बघायला जातंय? प्रत्येक चित्राखाली त्यातल्या माणसाचं नाव लिहायचं होतं. किआराने अँडर्सचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे स्वल्पविराम दिला आणि पुढची जागा कोरी ठेवली. ती कोरी जागा पाहून बोरघिल्डबाईंना आणखी राग आला, पण खोडरबर त्यांच्याकडे नव्हता.

उत्सवाच्या दिवशी झाडून सगळं गाव आलं. चर्चच्या बायकांनी लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटून आणल्या होत्या, पाच प्रकारच्या हॉटडिश होत्या, लिंबाच्या वड्या होत्या, आणि कॉफी तर पिंपभर. आता इथे बोरघिल्डबाईंच्या हिशोबात एक चूक झाली होती, आणि ती त्यांच्यासारख्या हुशार बाईने करायला नको होती. आपल्या गावात कॉफीला कोणी नाही म्हणत नाही. कप रिकामा झाला की कोणीतरी भरतं, आणि भरला की प्यावा लागतो, कारण टाकला तर भरणाऱ्याला वाईट वाटेल. संग्रहालयात शौचालय एकच. दुपारपर्यंत दर्शनी भिंतीसमोर चिटपाखरू नव्हतं आणि अख्खं विकरूड बोळकांडीत रांग लावून उभं होतं, किआराच्या चित्राच्या अगदी समोर. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

बोरघिल्डबाई बोळकांडीच्या तोंडाशी वड्या कापत उभ्या होत्या. त्यांचा डोळा सुरीकडे आणि कान रांगेकडे. चित्रासमोर पोचलेला प्रत्येक जण घसा साफ करी आणि हवापाण्याचा विषय काढी. एकदोघांनी 'वेगळं आहे' म्हटलं, तेव्हा बाईंना फार बरं वाटलं. असंच संध्याकाळपर्यंत निभावलं तर चित्र उद्या शाळेत परत जाईल, आणि खुर्ची पुन्हा खुर्ची होईल.

पण रांगेत हाल्व्हर क्विस्ट होते. हे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पोटात चार कप कॉफी आणि आत गेलेला माणूस काही केल्या बाहेर येईना. अशा वेळी माणसाचा जन्मभराचा संयम सुटतो.

"मला ती बोटं तिसरीत असतानाच दिसली होती," ते चित्राकडे बघत म्हणाले.

 हाल्व्हरना आपण मोठ्याने बोललो हे कळलं आणि त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"मला दुसरीत," मागून बेकरीवाली म्हणाली. हळूच म्हणाली, पण बोळकांडीत आवाज घुमतो.

मग बांधच फुटला. पाद्रीबाईंना गावात आल्या आल्या दिसली होती, पण नवीन माणसाने कशाला बोला. हॉकीच्या प्रशिक्षकांना दिसली होती. संघाच्या कपड्यांवरची खुर्ची शिवून घेताना त्यांनी बोटं मुद्दाम गाळली होती. लिंडविगांच्या तीन पिढ्यांना दिसली होती आणि त्या तिन्ही पिढ्या एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. टाकीवर चित्र रंगवणाऱ्याने तर सांगून टाकलं, की दक्षिणेकडून बघितलं तर त्या खुर्चीला पावलं आहेत. प्रत्येकाला वाटत आलं होतं की हे फक्त आपल्यालाच दिसलंय, आणि बोललो तर स्लेटनबाईंना वाईट वाटेल.

मग सगळ्यांना एकदम आठवलं की स्लेटनबाई तिथेच उभ्या आहेत.

बोरघिल्डबाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांना वाईट वाटलं होतंच, भरपूर वाटलं होतं. अख्ख्या गावाने जन्मभर आपलं मन राखलं आणि आपल्याला पत्ताही लागू दिला नाही, याचं वाईट. पण कोणावर रागवायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या स्वतः सात-आठ वर्षांच्या होत्या तेव्हाची एक दुपार त्यांना आठवली. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून त्यांनी वडिलांना विचारलं होतं, आजोबांना कोणी धरलंय? वडील म्हणाले होते, बटाटे संपव. त्यांनी बटाटे संपवले, आणि पुढे कधी विचारलं नाही.

त्या रांगेतून वाट काढत चित्रापाशी गेल्या. लोक भिंतीला चिकटले. किआरा कोपऱ्यात उभी होती. घाबरून तिचे कान लाल झाले होते.

"इथे नाव का नाही?" बोरघिल्डबाईंनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"मला माहीत नव्हतं. मास्तरांनाही नव्हतं. तुम्हाला विचारायचं होतं, पण तुम्ही छत्री विसरून गेलात ना, तेव्हा मला वाटलं आता नको."

"बोरघिल्ड," बाई म्हणाल्या.

"हो, तुमचं नाव माहितीये मला."

"माझं नाही गं, तिचं. माझी पणजी ती. तिचंच नाव मला ठेवलंय."

 आतून साखळी ओढल्याचा आवाज आला, तरी रांग पुढे सरकली नाही. हाल्व्हर क्विस्टसुद्धा जागचे हलले नाहीत, आणि त्यांच्यासाठी ती किती मोठी गोष्ट होती हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

किआराने खिशातून पेन्सिल काढून कोऱ्या जागेत नाव लिहिलं.  "पडदा बाजूला करून काढू का तिला?" तिने विचारलं. "पण मला बघितल्याशिवाय काही येत नाही. तिचा दुसरा फोटो असेल ना?"

दुसरा फोटो नव्हता. पणजोबांचे तीन होते, घोड्याचाही एक होता. पणजीचा कधी काढलाच नाही, असं बोरघिल्डबाई पाहुण्यांना सांगत आल्या होत्या, आणि ते सांगताना आपल्या पाठीमागच्या भिंतीवर काय टांगलंय हे त्यांना उभ्या आयुष्यात सुचलं नव्हतं. एवढ्या गोष्टीने त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी एप्रनने नाक पुसलं.

"दिसायची कशी, ते कोणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या.

किआरा आता बाईंच्या चेहऱ्याकडे चौकोन आखल्यासारखं बघत होती. "तुम्ही बसाल का समोर?" ती म्हणाली. "काहीतरी तरी जुळेल."

बसायला मोकळी अशी एकच खुर्ची होती. बोरघिल्डबाईंनी दोरी सोडली, उशी काढून हाल्व्हरच्या हातात दिली, पडद्याची घडी केली. खाली निघाली ती साधी लाकडी खुर्ची, एका पायाला जरा अधू. बाई तिच्यावर बसल्या. ती करकरली, पण तिने वजन पेललं. सगळं गाव रांग सोडून दाराशी गोळा झालं आणि नेहमीप्रमाणे काही न बोलता बघू लागलं. तेवढ्यात रांगेत आता पहिला नंबर लागलेली एक तरुण आई घाईघाईने आली, 'जरा धरता का, माझा नंबर आलाय' म्हणून आपलं बाळ जवळात जवळच्या मांडीवर ठेवून पळाली.

बोरघिल्डबाईंनी उभ्या आयुष्यात बाळ मांडीवर घेतलेलं नव्हतं. ते जड होतं, ओलं होतं, आणि त्याने लगेच त्यांची गळ्यातली किल्ली तोंडात घातली. मग त्याला गर्दी दिसली आणि त्याचा ओठ काढायचा बेत झाला.

"हलू देऊ नका त्याला," किआरा उत्सवाच्या पत्रकाची कोरी बाजू गुडघ्यावर धरत म्हणाली. "आधी हातच काढते. मला ते येतात."

बोरघिल्डबाईंनी बाळाच्या पोटाभोवती बोटं घट्ट केली. बाळ गप्प झालं.

"हात राहू दे, पोरी," त्या म्हणाल्या. "हात सगळ्यांनी पाहिलेत. तू तोंड काढ."